करकरीची वेळ

गाडी गॅरेजच्या दारात उभी राहिली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आवाज कसा येतोय?" मग एरवी भारदस्त दिसणारी माणसं ओठ ताणून 'चीं' करतात, घसा खरवडून 'खर्रर्र' करतात, मूठ हवेत फिरवत 'घरघर' म्हणतात, आणि मेकॅनिक गंभीर चेहऱ्यानं मान डोलावतो. यात हसण्यासारखं काही नाही. या कामासाठी मराठी माणसाजवळ फार चांगली सामग्री आहे. करकर, कुरकुर, किरकिर, खरखर, घरघर, खडखड, खटखट, धडधड, खसखस, फुसफुस: एवढ्या शब्दांत फरक करणारा कान आपल्याला पाळण्यातच मिळतो. शिवाय हे शब्द नुसते गमतीचे नाहीत, त्यांत थोडं भौतिकशास्त्रही आहे. 'किरकिर'मधला इकार उंच सुराचा, 'घरघर'मधला अकार खालच्या सुराचा. 'र' आला की खरवड आली, 'ट' आला की ठोका आला. 'खट्ट' एकदा होतं, 'खटखट' पुन्हा पुन्हा होते. जात्याची घरघर आणि बिजागरीची करकर यांत गल्लत करणारा मराठी माणूस विरळाच. पण ब्रेकच्या आवाजांबाबत ही श्रीमंतीच आपल्याला चकवते, असं मला वाटतं. 'कसा' या प्रश्नाचं उत्तर आपण इतकं झकास देतो की 'केव्हा' हे सांगायचं राहूनच जातं. आणि ब्रेकचं दुखणं बहुतेक वेळा त्या 'केव्हा'मध्ये सापडतं.

एकच 'चीं' घ्या. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी बिडाची चकती असते, आणि कॅलिपर नावाचा चिमटा तिच्यावर दोन बाजूंनी दोन पॅड दाबतो. या जागेतून येणारी एक 'चीं' पॅड झिजून संपत आल्याची असते. दुसरी 'चीं' नव्याकोऱ्या पॅडचीही असू शकते. पॅडच्या पाठीची पातळ पट्टी बसवायची राहिली किंवा पॅडचा पृष्ठभाग तापून गुळगुळीत झाला, की तो हलक्या दाबाला ओरडतो. तिसरी 'चीं' खडीच्या रस्त्यावरून येताना चकती आणि तिच्यामागचं पत्र्याचं कवच यांच्यामध्ये जाऊन बसलेल्या खड्याची. तिन्ही कानाला जवळपास सारख्याच लागतात. यातल्या पहिलीसाठी याच आठवड्यात पॅड बदलायला हवेत, दुसरीसाठी घाईनं काहीच करायला नको, आणि तिसरीला गाडी चार फूट मागे घेतली तरी बऱ्याचदा पुरतं. पण गंमत अशी की तिघींतली सगळ्यात भयानक वाटते ती तिसरी, खड्याची. पत्र्याचं कवच ती किंचाळी आणखी मोठी करून देतं, आणि रस्त्यावरची माणसं वळून बघतात. तिन्हींची नक्कल कितीही हुबेहूब केली तरी समोरच्याला त्या वेगळ्या ओळखता येणार नाहीत. ओळखता येतील त्या अशा प्रश्नांनी: ब्रेक दाबलेला नसतानाही येते का? हलका दाबल्यावर येते आणि जोरात दाबल्यावर जाते का? कालपर्यंत काहीच नव्हतं आणि आज एकदम सुरू झाली का? उलट बाजूनं पाहिलं तर एकाच दुखण्याचे आवाजही बदलत जातात. झिजत चाललेला पॅड आधी 'चीं' करतो, मग 'खरखर', आणि शेवटी पॅडवरचा घर्षणाचा मसाला पूर्ण संपून पोलादी पाठ चकतीवर घासू लागली की 'घर्रर्र'. शब्द तीन, रोग एक.

आवाज मुळात येतोच का, हे थोडं खोलात जाऊन पाहण्यासारखं आहे. सारंगीवर गज फिरतो तेव्हा नेमकं काय घडतं? गजाचे केस तारेला धरतात, थोडं ओढत नेतात, तार निसटून मागे येते, केस तिला पुन्हा धरतात. हे धरणं-निसटणं सेकंदाला शेकडो वेळा होतं आणि त्याचाच सूर होतो. त्यासाठी केसांना राळ लावावी लागते. राळ नसेल तर गज तारेवरून मुकाट घसरतो. पॅड आणि चकती यांच्यात अशीच धर-सोड चालते, फक्त तारेच्या जागी सबंध चकती, पॅड आणि कॅलिपर थरथरतात. थरथर असते मिलिमीटरच्या हजाराव्या भागांतली, पण तिचा वेग सेकंदाला हजार ते काही हजार कंपनांचा असतो. माणसाचा कान दोन ते पाच हजारांच्या टापूत सर्वांत तीक्ष्ण असतो, त्यामुळे एवढीशी थरथर चौकभर ऐकू जाते. इंग्लंडमध्ये एच. आर. मिल्स यांनी १९३८ साली ब्रेकच्या किंचाळीचा अभ्यास मांडला. घासण्याचा वेग वाढला की घर्षण कमी होतं, आणि ही धर-सोड तिथून सुरू होते, असं त्यांचं म्हणणं होतं. १९६१ च्या सुमारास आर. टी. स्पर यांनी वेगळी उपपत्ती दिली. पॅड चकतीला किंचित तिरका टेकला तर तो पाचरीसारखा रुततो, वाकतो, सुटतो आणि पुन्हा रुततो. म्हणजे वेगाप्रमाणे घर्षण बदललं नाही तरी नुसत्या बसण्याच्या कोनामुळे ब्रेक ओरडू शकतो. त्यानंतर गणितं पुष्कळ पुढे गेली, तरी ब्रेक कागदावर मांडून तो ओरडणार नाही अशी हमी अजून कोणी देत नाही. कारखान्यात वेगवेगळ्या दाबांवर आणि तापमानांवर शेकडो वेळा तो दाबून ऐकावाच लागतो.

सारंगीच्या उपमेचा खरा उपयोग दुसऱ्याच एका गोष्टीसाठी आहे. आवाज आला की तेल घालायचं, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय. दाराची बिजागरी करकरली, घाल तेल. विहिरीचा रहाट कुरकुरला, घाल तेल. बैलगाडीच्या कण्याला तर वंगण ठरलेलंच. या सगळ्या जागी घर्षण हा शत्रू आहे. ब्रेकमध्ये मात्र घर्षण हेच काम आहे, त्याच्यासाठीच तर ती सगळी मांडामांड. गजाच्या केसांना तेल लावलं तर सारंगी गप्प होईल, आणि पॅडला लावलं तर ब्रेकही गप्प होईल. गाडी मात्र थांबणार नाही. पॅडच्या पाठीला किंवा कॅलिपरच्या पिनांना ठरावीक ग्रीस लावतात ते वेगळं, आणि ते जाणत्या हातानं. पण दुचाकीची चकती किंचाळते म्हणून तिच्यावर साखळीचा स्प्रे मारणारी माणसं असतात. घरगुती शहाणपण चुकीच्या जागी लावलं की कसा घात होतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही.

गप्प ब्रेक म्हणजे चांगला ब्रेक, ही समजूत किती जुनी आणि किती महाग पडलेली आहे हे ब्रेकच्या इतिहासातच दिसतं. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्यानं १९०२ साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्याच्या ब्रेकमध्ये चकतीला तांब्याचे तुकडे घासत असत. धातूवर धातू, त्यामुळे आवाज असह्य आणि झीजही भराभर. त्याच काळात हर्बर्ट फ्रूड नावाचा दुसरा इंग्रज घर्षणाच्या मसाल्यांच्या मागे लागला होता. उतारावर गाड्या आवरायला शेतकरी ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट बांधतात, हे पाहून त्याला कल्पना सुचली अशी हकिकत सांगतात. आज फेरोडो या नावानं ओळखली जाणारी कंपनी त्याचीच. त्यानं १९०७ च्या सुमारास ब्रेकसाठी अ‍ॅस्बेस्टॉसचं अस्तर पुढे आणलं. अ‍ॅस्बेस्टॉस उष्णता सोसतो, बऱ्यापैकी धरतो आणि धातूसारखा किंचाळत नाही. जगभरच्या गाड्यांनी तो उचलला आणि अर्ध्या शतकाहून अधिक काळ तोच वापरला. अस्तर झिजून ब्रेकच्या ड्रममध्ये साठलेली भुकटी गॅरेजवाले हवेच्या फवाऱ्यानं उडवत, आणि ती श्वासावाटे त्यांच्या फुप्फुसांत जाई. तिथे अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू काय करतात, हे पुढे कळलं. त्यातून होणारा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग तर वीस-तीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा उगवतो. ब्रिटननं १९९९ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसच्या वापरावर बंदी घातली. त्याच्या जागी जे मसाले आले, त्यांतले पोलादी तंतूंचे बरेचसे पुन्हा थोडेफार ओरडतात. गिऱ्हाईक तक्रार करतं, "पूर्वीचे लायनर असे वाजत नव्हते." खरं आहे, वाजत नव्हते.

आवाज दाबण्यात इतकी वर्षं घालवलेल्या ब्रेकच्या अभियंत्यांनी मग एक आवाज मुद्दाम परत आणला. पुष्कळशा पॅडना बाजूला पोलादाची एक छोटी वाकडी पट्टी असते. नवा असताना पॅडचा मसाला साधारण दहा-बारा मिलिमीटर जाड असतो. तो झिजत दोन-तीन मिलिमीटरवर आला की ही पट्टी चकतीला टेकते आणि किंचाळू लागते. दिवा नको, तार नको, संगणक नको. झीज स्वतःच आपल्या तोंडानं ओरडून सांगते. मला ही युक्ती फार आवडते, कारण ती शोधणाऱ्यानं ओळखलं होतं की माणूस डोळ्यांनी तपासत नाही, पण कानाला त्रास झाला की हलतो. या किंचाळीची खूण तिच्या वेळेत आहे. ती सहसा सकाळपुरती येऊन जात नाही, रोज येते, आणि दिवसागणिक वाढते. काही गाड्यांत ती ब्रेक दाबल्यावर सुरू होते, काहींत नुसत्या चालत्या गाडीत सुरू असते आणि ब्रेक दाबला की थांबते. हा दुसरा प्रकार लोकांना फसवतो. ब्रेक दाबल्यावर आवाज बंद होतो, म्हणजे ब्रेक ठीकच असणार, असा तर्क केला जातो आणि तो नेमका उलटा असतो. या पट्टीवर सर्वस्वी विसंबूनही चालत नाही. बऱ्याचदा ती दोनांपैकी एकाच पॅडला असते. कॅलिपरच्या पिना गंजून अडकल्या की एक पॅड दुसऱ्याच्या कितीतरी आधी संपतो, आणि आधी संपणारा पॅड बिनपट्टीचा असला तर थेट 'घर्रर्र' होईपर्यंत कोणी काही सांगत नाही.

आता वेळांकडे जरा सविस्तर पाहू. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत रात्रभर उघड्यावर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्यांदा थांबवताना खसखसते. चकती बिडाची असते, आणि एका ओल्या रात्रीत तिच्यावर गंजाचा पातळ तांबूस थर चढतो. दोन-तीन ब्रेकांत पॅड तो खरवडून काढतात आणि आवाज जातो. तो गेला हेच त्याचं निदान. हँडब्रेक ओढून चार दिवस पावसात उभ्या केलेल्या गाडीच्या मागच्या ड्रममध्ये लायनर ड्रमला चिकटतात, आणि गाडी हलताना एकदाच 'खट्ट' होतं. तेही तेवढ्यापुरतंच. पण तेच 'खट्ट' पुढे जाताना ब्रेक दाबला की एकदा, मागे घेताना दाबला की पुन्हा एकदा, असं रोज होत असेल तर काहीतरी सैल आहे: पॅड आपल्या खोबणीत सरकतोय, कॅलिपरचा बोल्ट ढिला झालाय किंवा चाकाला धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मचं रबरी बुश गेलंय. शेवटच्या प्रकारात ब्रेकचा काही दोष नसतो. ब्रेक लागला की गाडीचा भार पुढे येतो, आणि सैल सांधा त्या क्षणी आपली जागा बदलतो. आवाज ब्रेकच्या वेळी आला म्हणून ब्रेकचाच असेल असं नाही. वेळेवर एवढा भर देताना ही कबुली आधीच देऊन टाकलेली बरी.

वेळेच्या पोटात वेगही येतो, आणि माझ्या मते सगळ्यात कमी वापरली जाणारी आणि सगळ्यात बोलकी खूण हीच. गाडी थांबत येताना आवाज बदलतो का, हे ऐकावं. लहान मोटारीचं चाक एका फेऱ्यात सुमारे एक मीटर ऐंशी सेंटिमीटर अंतर कापतं. ताशी साठ किलोमीटरला ते सेकंदाला नऊ-एक फेरे घेतं, वीसला तीन. ब्रेक दाबल्यावर येणारी धडधड गाडीबरोबर मंदावत गेली, तर ती चाकाच्या फेऱ्याला बांधलेली आहे. चकतीची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही, आणि दर फेऱ्याला जाड भाग पॅडला ढकलतोय. पुढच्या चाकांचं असेल तर स्टिअरिंग हातात थरथरतं. गॅरेजच्या भाषेत याला 'डिस्क वाकडी झाली' म्हणतात. प्रत्यक्षात ती क्वचितच वाकलेली असते. फरक मिलिमीटरच्या काही शतांशांचा असतो, डोळ्यांना न दिसणारा, पण पायाला बरोबर कळणारा. याउलट किंचाळीचा सूर वेगाबरोबर उतरत नाही. साठला जो सूर, तोच वीसला. देवळातली घंटा हळू वाजवली काय नि जोरात वाजवली काय, तिचा सूर तोच राहतो, तसं हे आहे. तो चकतीचा स्वतःचा सूर आहे, आणि तो बहुतांशी त्रासदायक पण बिनधोक असतो. वेगाबरोबर चढणारी-उतरणारी 'हूं' ब्रेक सोडल्यावरही चालूच राहत असेल, वळणावर कमी-जास्त होत असेल, तर ते चाकाचं बेअरिंग. आणि निसरड्या रस्त्यावर कचकन ब्रेक दाबल्यावर पायाखाली पेडल धडधडलं, खालून घर्रर्र आवाज आला, तर ते एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आपलं काम करत आहे. आपल्याकडे १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींच्या मॉडेलांना २०१८ च्या एप्रिलपासून आणि मोटारींना २०१९ च्या एप्रिलपासून ते सक्तीचं झालं, पण या आवाजाची ओळख कोणी करून दिली नाही. त्यामुळे नेमक्या त्या क्षणी घाबरून पाय उचलला जातो. पाय तसाच दाबून ठेवायचा असतो.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. ब्रेक म्हणजे जिवाशी गाठ. अशा ठिकाणी ऐका, विचार करा, वेळ नोंदवा असला सल्ला देणं बेजबाबदारपणाचं नाही का? आवाज आला की सरळ गॅरेज गाठावं, हेच खरं ना? यातलं निम्मं मला पूर्ण मान्य आहे. गॅरेज गाठावंच, आणि 'घर्रर्र' असेल तर गाडी न चालवता गॅरेजवाल्यालाच बोलवावं. उरलेल्या निम्म्याबद्दल मात्र माझी हरकत आहे. आवाज म्हणजे धोका हे समीकरण एकदा पक्कं झालं की त्याचा व्यत्यासही आपोआप खरा वाटू लागतो: आवाज नाही, म्हणजे धोका नाही. आणि ब्रेकचे सगळ्यात घातक बिघाड मुके असतात. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे आणि खोपोली साठ मीटरच्या आसपास. बाराशे किलोची भरलेली मोटार खंडाळ्याचा घाट उतरून खोपोलीला येते तेव्हा उंचीतून सुटणारी ऊर्जा ही ताशी शंभरच्या वेगातली तीच मोटार चौदा वेळा पुरती थांबवण्याइतकी असते. वीस लिटर साधं पाणी उकळीपर्यंत आणेल एवढी. थोडी वारा खातो, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरलात तर पुष्कळशी इंजिन खातं, आणि न्यूट्रलमध्ये उतरलात तर जवळजवळ सगळी ब्रेकच्या चकत्यांत जाते. कॅलिपरमधलं ब्रेक ऑइल त्या उष्णतेत तापतं. नाव ऑइल असलं तरी हे तेल नव्हे. हवेतला ओलावा शोषून घेणारा हा द्रव आहे. डॉट तीन प्रतीचा द्रव कोरडा असताना २०५ अंश सेल्सिअसच्या खाली उकळू नये आणि चारएक टक्के पाणी शोषल्यावर १४० अंशांच्या खाली, अशी त्याची मानकं आहेत. म्हणजे दोन-तीन पावसाळे खाल्लेलं ऑइल पासष्ट अंश आधीच उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल मुकाट तळाला जातं. करकर नाही, किरकिर नाही, काही नाही. आयुष्यभर फक्त आवाजावर लक्ष ठेवणाऱ्याला त्या वळणावर कसलीच सूचना मिळालेली नसते.

प्रत्येक कुरबुरीला धोका मानण्याचा दुसरा तोटा लांडगा आला रे आला या गोष्टीतला आहे. साध्या 'चीं'साठी दोनदा पॅड बदलून घेतलेला आणि तरीही 'चीं' न गेलेला माणूस तिसऱ्या वेळी काचा वर करतो आणि गाणी लावतो. तिसरी 'चीं' त्या पोलादी पट्टीची असू शकते. इथे गॅरेजवाल्यालाच दोष देण्यात अर्थ नाही. गिऱ्हाइकानं नुसता आवाज सांगितला आणि तो घालवून द्या म्हटलं, तर पॅड बदलणं हा त्याच्यापुढचा सगळ्यात सरळ मार्ग असतो.

"चाक उघडलं की सगळं दिसतंच, मग ऐकायचं कशाला?" असंही जुने मेकॅनिक म्हणतात. पॅडची जाडी दिसते, चकतीवरचे ओरखडे दिसतात, गळती दिसते, हे खरं. पण उघडलेलं चाक फिरत नसतं, दाब नसतो, उष्णता नसते. ज्या थरथरीसाठी वेग, दाब आणि तापमान यांचा ठरावीक मेळ लागतो, ती स्टँडवर चढवलेल्या गाडीत कशी दिसणार? डोळ्यांना झीज कळते आणि कानाला हालचाल, म्हणून दोघांना कामाला लावावं. नव्या गाड्यांत हे सगळं दिवे सांगतात, असं तरुण चालक म्हणतात. त्यांना एवढंच दाखवावंसं वाटतं की पुष्कळ गाड्यांत ब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक ओढलेला असल्याचं आणि ब्रेक ऑइलची पातळी उतरल्याचं सांगतो, पॅड किती उरला ते सांगत नाही. पातळी उतरते ती बऱ्याचदा गळतीनं नव्हे, पॅडच्या झिजेनं. पॅड पातळ झाला की कॅलिपरमधला दट्ट्या तेवढा पुढे येतो, आणि त्याच्यामागची जागा भरायला ऑइल खाली उतरतं. अशा वेळी दिवा लागला म्हणून वरून ऑइल भरून टाकलं की दिवा विझतो आणि पुरावाही पुसला जातो. राहिल्या विजेवरच्या गाड्या. त्यांत वेग कमी करण्याचं बरंचसं काम मोटर करते, पॅड क्वचितच वापरले जातात, आणि त्यामुळेच चकत्यांवर गंज साचून राहतो. इंजिनचा आवाज नसल्यानं तिथली खसखस उलट जास्त ऐकू येते. पेट्रोलच्या गाडीत दोन ब्रेकांत जाणारी ही खसखस विजेच्या गाडीत कितीतरी जास्त काळ टिकते, आणि ती घालवायला मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे पाहून, चार-सहा वेळा मुद्दाम दाबून ब्रेक लावावा लागतो.

एक अडचण मात्र खरीच आहे, आणि तिला माझ्याजवळ अर्धंच उत्तर आहे. रोज ओरडणारी गाडी गॅरेजमध्ये नेली की मुकी होते. मालक ओशाळतो, मेकॅनिक सवयीनं हसतो. यामागे गाडीचा खट्याळपणा काही नाही. घरापासून गॅरेजपर्यंतच्या रस्त्यात पंधरा-वीसदा ब्रेक लागलेला असतो, गंज खरवडला गेलेला असतो, पॅड तापलेले असतात, आणि किंचाळायला जो थंड-ओला मेळ लागतो तो मोडलेला असतो. म्हणून आठवडाभर आधी थोडी तयारी करावी. आवाज आला की तो दिवसातला पहिला ब्रेक होता की पंधरावा, पाय हलका होता की जोराचा, गाडी सरळ होती की वळणावर, पाऊस होता की ऊन, एवढं लक्षात ठेवावं. कुठल्या चाकाचा ते कळत नसेल तर काचा खाली करून लांब कंपाउंडच्या भिंतीकडेनं सावकाश जावं. भिंत त्या बाजूचा आवाज परत आणून देते. मग दुसऱ्या बाजूला भिंत ठेवून परत यावं. नकला करायच्या तर खुशाल कराव्यात, मेकॅनिकलाही त्यांची सवय असते. पण आवाज सकाळचा असेल, तर गाडी आदल्या रात्रीच गॅरेजवर उभी करून रिक्षानं घरी या, आणि दुसऱ्या दिवशीचा पहिला ब्रेक त्यालाच मारू द्या.